गठ्ठा दुसरा, आवृत्ती पहिली

निंबदेव सहकारी साखर कारखान्यात त्या साली ऊस कमी होता, पाणी त्याहून कमी होतं, पण कॉम्प्युटर होता. पलीकडच्या कारखान्याच्या चेअरमनने हत्ती आणला, म्हणून आपल्या चेअरमनसाहेबांनी कॉम्प्युटर आणला. हत्तीला रोज चारा लागतो, हा नुसता बसून राहील, असा त्यांचा विचार. विचार अगदी बरोबर निघाला. सहा महिने तो नुसता बसून होता.

मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने वापरून वापरून कंटाळून विकलेलं ते यंत्र त्र्याहत्तरच्या एप्रिलात तीन ट्रकांतून आलं. बाहेर दुष्काळी कामावर माणसं खडी फोडत होती आणि आत यंत्राला उकडू नये म्हणून थंड हवेची सोय होती. खोलीबाहेर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. लोक चपला काढायचे, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावायचे. दुपारच्या जेवणानंतर संचालक मंडळ यंत्राची पाहणी करायला न चुकता यायचं, आणि पाहणी करता करता घोरायचं.

या देवळाचे पुजारी होते कॉम्प्युटर ऑफिसर गोरक्षनाथ औटी. चेअरमनसाहेबांच्या पुतणीचे यजमान. शिक्षण शेतकीचं. मुलाखतीत त्यांना विचारलं होतं, "यंत्राचा अनुभव?" ते म्हणाले, "घरी शिलाई मशीन आहे." एवढा अनुभव दुसऱ्या कुणाकडे नव्हता म्हणून त्यांची निवड झाली. दुसऱ्या कुणाला बोलावलंही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि देवळात खरं काम करणारं माणूस एकच, मरिया. मिशन शाळेतल्या दानीएल मास्तरांची थोरली, वय वीस. टायपिंगच्या परीक्षेत नगरमध्ये पहिली आली होती. यंत्राला जे सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगावं लागे, आणि ती भोकं पाडायचं मशीन तिच्या ताब्यात होतं. मरियाचं बोट कधी चुकत नसे. जीभही चुकत नसे, हीच काय ती तिच्याबद्दलची तक्रार.

तिची नेमणूक तात्पुरती होती. ऑर्डरीत स्वच्छ लिहिलं होतं: ऊसतोडीची यादी दसऱ्याच्या आत यंत्रावर निघाली, तर कायम. नाही निघाली, तर दसऱ्याला आपट्याचं सोनं घेऊन घरी. मग ती खोली पाहुण्यांच्या विश्रामगृहाला द्यायची. थंड हवा होतीच, फक्त पलंग आणायचे बाकी होते.

यादी म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागून, त्याची. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, असा नियम होता. नियम इतका चांगला होता की शेतकी ऑफिसात तो काचेत लावून ठेवला होता, आणि काचेतल्या वस्तूला कुणी हात लावत नाही.

आता यादी निघायला अडचण काय? अडचण कंपायलरची. मरियाने ती घरी वडिलांना समजावली होती.

"पप्पा, यंत्राला ना मराठी कळतं ना इंग्रजी. त्याला फक्त त्याची भोकं कळतात. आपण आपल्यासारखं लिहायचं आणि त्याचं यंत्राच्या भोकांत करून देणारा मध्ये कुणीतरी लागतो. तो कंपायलर. तोही कार्डांचाच गठ्ठा असतो."

"म्हणजे दुभाष्या," मास्तर म्हणाले.

"हो. पण आपला दुभाष्या अजून जन्माला यायचाय."

कंपनीने तयार कंपायलर स्वतःकडे ठेवला होता आणि इकडे पाठवलं होतं त्याचं मूळ लिखाण, अकरा खोकी भरून. पुरणपोळी मागितली तर डाळ, गूळ आणि कृती पाठवावी, तसं. बरोबर लायब्ररी म्हणून सात गठ्ठे होते. लायब्ररी म्हणजे नेहमी लागणारी कामं आधीच करून ठेवलेली, जसं घरात मसाला, मेतकूट डब्यात भरून ठेवतात. कंपायलर बांधायचा तर हे गठ्ठे आधी बांधून तयार हवेत, आणि प्रत्येक गठ्ठ्याला आणखी कुठला तरी गठ्ठा हवा. पहिल्यावाचून तिसरा हलेना, तिसऱ्यावाचून चौथा. लग्नघरात एक मामा रुसला की दुसरा मामा बैठकीवरून उठतो, तसला सगळा मानपान.

मरियाने तो मानपान तीन महिने वहीत लिहून काढला. सगळे मामा पटले. पटेनात ते फक्त पाचवा आणि सातवा.

पाचवा गठ्ठा नावं क्रमाने लावायचा, सातवा यादी छापायचा. दोघांनाही भागाकार लागे, आणि भागाकार होता दुसऱ्या गठ्ठ्यात. या दुसऱ्या गठ्ठ्याच्या दोन आवृत्त्या होत्या. पहिली भागाकार करून उरलेली बाकी सोडून द्यायची, दुसरी बाकी जपून ठेवायची. पाचव्याला बाकी खपत नव्हती. सातव्याचं बाकीशिवाय पान हलत नव्हतं. एका घरात दोन जावा, एकीला तिखट सोसत नाही, दुसरीला तिखटाशिवाय घास उतरत नाही. दोन चुली मांडल्या की भांडण मिटलं.

कंपनीने भाद्रपदात दुसरी आवृत्ती टपालाने पाठवली, तिच्याबरोबरच्या पत्रात हेच होतं. पाचवा गठ्ठा पहिल्या आवृत्तीबरोबर बांधा आणि बाजूला ठेवा. सातवा दुसरीबरोबर बांधा. मग सगळे एकत्र आणा. आणि शेवटी एक ओळ: 'पहिली आवृत्ती कृपया टाकून देऊ नये.' ही ओळ कागदाच्या पाठीमागे होती. औटीसाहेब ऑफिसर होते, कागद उलटणं हे क्लार्कचं काम.

मरिया त्या दिवशी संगमनेरला मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. परत आली तर टेबलावर नवा गठ्ठा, आणि औटीसाहेब नवरदेवासारखे उभे.

"या, मिस मरिया. तुम्ही लाडू खात होतात, इकडे मी काम करून ठेवलं. दुसरी आवृत्ती आली. स्टोअरमधून स्वतः सोडवून आणली."

"आणि पहिली कुठंय, साहेब?"

"ती दिली ना परत. नवी आल्यावर जुनी कशाला सांभाळायची? चप्पल नवी घेतल्यावर जुनी काय काखेत धरून हिंडता?"

मरियाने पत्र उचललं, उलटलं आणि त्यांच्यासमोर धरलं. औटीसाहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ते म्हणाले, "इंग्रजी फार बारीक अक्षरात लिहितात हे लोक," आणि पाहणीला आलेल्या संचालकांच्या शेजारी जाऊन डोळे मिटून बसले.

मरिया तशीच स्टोअरकडे निघाली. दसऱ्याला सोळा दिवस उरले होते.

स्टोअरकीपर कानिफनाथ शेटे यांचा एकच नियम होता, आणि तो कुठल्या काचेत नव्हता, रोज चालत होता: जुना दिल्याशिवाय नवा नाही. पट्टा असो, बेअरिंग असो की बल्ब. कॅन्टीनचा झाडू बदलायचा तरी जुन्या झाडूचा बुंधा दाखवावा लागे. एकदा रखवालदाराची बॅटरी चोरीला गेली. तो नवी मागायला आला. शेटे म्हणाले, "जुनी आन." "चोरानं नेली की, भाऊ." "मग चोराला आन." रखवालदार वर्षभर अंधारात पहारा देत होता. चोरांनाही ते सोयीचं पडलं.

"शेटेभाऊ," मरिया म्हणाली, "औटीसाहेबांनी जमा केलेला गठ्ठा परत हवाय."

"कोनता? बासष्ट कार्डांचा? जुना जमा, नवा दिला. रजिस्टरला सही हाय."

"पण मला दोन्ही लागतात."

"दोन्ही?" शेट्यांनी चष्मा कपाळावर घेतला. कुणी दोन बायका मागाव्यात तसे ते पाहत राहिले. "एका जागेवर एकच वस्तू, पोरी. सगळ्यांनी दोन-दोन ठेवल्या तर स्टोअर कशाला म्हनायचं? बाजार भरंल बाजार."

"बरं, तो भंगारात आहे का?"

"मी काय येडा हाय का, असला माल भंगारात घालायला? जाड कार्डं, पाठ कोरी करकरीत. छगनला दिली चिठ्ठ्यांना."

छगन हा कारखान्याचा स्लिपबॉय. वय बावन्न, घरात तीन जावई, तरी हुद्दा बॉयच. ऊस नोंदवलेल्या शेतकऱ्यांना नोंदणीची चिठ्ठी पोचवायचं काम त्याचं. मरिया त्याला सायकल स्टँडवर गाठेपर्यंत भागाकाराची बासष्ट कार्डं, पाठीवर नाव, गट नंबर आणि शिक्का घेऊन, तीन गावांत पोचली होती.

"छगनमामा, काय केलंत हो हे!"

"आता म्या काय केलं? लई बेस कार्डं, ताई. पावसात सुदिक भिजत न्हाईत. लोक म्हनले, यंदा कारखान्यानं चिठ्ठी लई भारी काढली, जाळीची."

मुंबईला तार करावी, असं मरियाने औटीसाहेबांना सुचवलं. "आणि तारेत लिहायचं काय?" औटीसाहेब कळवळले. "आम्ही हरवला? चेअरमनसाहेबांना कळलं तर मला परत शेतीत घालतील." शेतकीच्या पदवीधराला याहून वाईट शिक्षा कुठली असणार! मग त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे, मिस मरिया. तुम्हीच काहीतरी करा."

मरियाने केलं. चिठ्ठी मागायची तर बदली चिठ्ठी द्यायला हवी, म्हणून ती कोऱ्या कार्डांसाठी शेट्यांकडे गेली. "जुनी आन," शेटे म्हणाले. सहा महिन्यांच्या सरावात बिघडलेल्या कार्डांचं पोतं तिने सांभाळून ठेवलंच होतं. त्यातली बासष्ट मोजून तिने टेबलावर ठेवली. शेट्यांचा चेहरा उजळला. एवढी नियमाने चालणारी मुलगी त्यांनी कारखान्यात पाहिली नव्हती.

मग ती आणि छगन, दोन सायकली, तीन गावं. एक कार्ड शाळेच्या भिंतीवर देवीच्या फोटोखाली खोचलेलं निघालं. एक पाळण्याच्या कुरकुरणाऱ्या कडीत घडी घालून कोंबलेलं, घडी पडली तरी भोकं शाबूत. एका आजोबांनी चष्म्याची काच फुटल्यावर तिथे कार्डाचा तुकडा लावायचा बेत केला होता, कात्री सापडत नव्हती म्हणून भागाकार वाचला. प्रत्येक कार्डाच्या टोकाला त्याचा क्रमांक भोकांत होता, त्यामुळे ती कशीही गोळा झाली तरी लावता येत होती. मरिया जुनं घ्यायची, छगन नव्यावर नाव लिहून शिक्का मारायचा. आठव्या दिवशी एकसष्ट कार्डं जमली. राहिलं सदतीसावं.

सदतीसावं राहीबाईंकडे होतं. नवरा गेल्यापासून ही बाई एकटी चार एकर बघत होती. माहेर शनिशिंगणापूरचं, जिथे घरांना दारं नसतात. सासरी येऊनही तिने कधी कडी लावली नव्हती. पण चिठ्ठी म्हणताच ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"न्हाई द्यायची."

"मावशी, ही घ्या ना नवी. हिच्यावर पण शिक्का आहे."

"गेल्या साली बी असाच एक आला हुता. म्हनला, मावशे, चिठ्ठी बदलली, ही घे नवी. घेतली. नव्या चिठ्ठीवर माझा नंबर गेला पार तळाला. दुष्काळात हंड्याहंड्यानं पानी घालून ऊस जगवला म्या. वाट बघून बघून तो वाळला, आन शेवटी छावनीत जनावरास्नी गेला. यंदा बी लागन माझीच सगळ्यांच्या आधीची." तिने छगनकडे बोट केलं. "कोन आला हुता, सांग की रं!"

छगन सायकलची साखळी तपासू लागला. साखळी ठणठणीत होती.

"मला वरून सांगितलं, म्या दिली," तो पुटपुटला.

मरियाने पुढे केलेली नवी चिठ्ठी मागे घेतली. यादीतल्या नावांमागे कुणाचे हंडे असतात, हे तिच्या वहीत कुठेच नव्हतं. पण ते कार्ड मिळालं नाही तर पाचवा गठ्ठा नाही, पाचवा नाही तर कंपायलर नाही, कंपायलर नाही तर यादी नाही. आणि मग मरिया घरी आणि राहीबाई पुन्हा तळाला.

"मावशी, कार्ड नका देऊ," ती म्हणाली. "तुम्हीच चला. कार्ड हातात घेऊन. माझं मशीन त्याचं बघून तसंच दुसरं करतं. तुमच्या डोळ्यांसमोर. मग तुमचं तुम्ही परत न्या."

"यष्टीनं?"

"सायकलवर. मी डबल सीट नेते."

राहीबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाडलं तर?"

"तर कार्ड तुमच्याकडेच राहील की."

हे राहीबाईंना पटलं.

अशा रीतीने त्या खोलीत पहिल्यांदाच ऊस पिकवणारं माणूस शिरलं. पाहणी चालू होती, दोन संचालक घोरत होते. राहीबाई पदर घट्ट लपेटून म्हणाल्या, "बया, केवढा हा गारठा! ह्यास्नी घोंगडं तरी द्या." मरियाने कार्ड मशीनच्या फटीत ठेवलं. राहीबाईंनी दुसरं टोक सोडलं नाही.

"सोडा, मावशी."

"गिळलं म्हंजे?"

"दुसऱ्या बाजूने निघतं. हे बघा, इथून."

राहीबाईंनी टोक सोडलं आणि मरियाचं मनगट धरलं. अदलाबदल म्हणून. मशीन खडखडलं. दुसऱ्या बाजूने जुनं कार्ड आलं, मागोमाग एक नवं, भोकास भोक. राहीबाईंनी दोन्ही एकावर एक धरून उजेडात पाहिली. उजेड सगळ्या भोकांतून सारखा आरपार येत होता.

"विरजनासारखं हाय की गं," त्या म्हणाल्या. "चमचाभर दिलं तरी आपलं दही आपल्यापाशीच."

जुनं कार्ड त्यांनी चोळीत खोचलं. मनगट मग सोडलं.

पुढचे चार दिवस मरियाने त्या यंत्राला बसू दिलं नाही. पाचवा गठ्ठा पहिल्या आवृत्तीबरोबर बांधला, बाजूला ठेवला. सातवा दुसरीबरोबर. मग वहीतल्या क्रमाने एकेक मामा पाटावर बसवला. दोनदा यंत्र अडलं. औटीसाहेबांनी त्याला उदबत्ती ओवाळली. मरियाने उलटं पडलेलं कार्ड सुलटं केलं. यंत्र चालू झालं आणि औटीसाहेबांची उदबत्तीवरची श्रद्धा वाढली. दसऱ्याच्या आदल्या दुपारी यंत्राने कोऱ्या कार्डांना खटाखट भोकं पाडत एक नवाकोरा गठ्ठा बाहेर टाकला. दुभाष्या जन्माला आला. दसऱ्याच्या सकाळी त्याच दुभाष्याकडून आठशे चाळीस नावांची यादी छापून निघाली, आणि शाई वाळायच्या आत औटीसाहेबांनी ती रेशमी फडक्यात गुंडाळून पळवली. वाचली नाही. वाचणं हे क्लार्कचं काम.

बॉयलर पेटवायचा समारंभ होता. मांडव, लाउडस्पीकर, नगरहून आलेले पाहुणे, समोर तीन गावं. औटीसाहेबांनी यादी चेअरमनसाहेबांच्या हातात दिली आणि कानात सांगितलं, "यंत्राने स्वतः काढलीय, साहेब. फार हुशार आहे." हुशार यंत्र कुणाचं नाव पहिलं काढणार, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. चेअरमनसाहेबांचे मेहुणे पहिल्या रांगेत हार घ्यायला अर्धे उठलेही होते.

"तर बंधूंनो," लाउडस्पीकर गरजला, "विज्ञानाच्या साक्षीने, कुणाचा वशिला नाही, कुणाची भीड नाही, यंदा तोडीचा पहिला मान... श्रीमती राहीबाई..."

आवाज तिथेच थांबला. पण लाउडस्पीकरमधून गेलेला शब्द परत आत घालता येत नाही. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग तिन्ही गावांनी वाजवली. पाहुण्यांनीही वाजवली, त्यांना काय माहीत! मेहुणे अर्धे उठलेले होते ते तसेच राहिले.

"हेच," चेअरमनसाहेब घाम पुसत म्हणाले, "हेच तर आपलं सहकाराचं ब्रीद!"

तेवढ्यात मरिया मांडवाच्या पायऱ्या चढून वर गेली.

"साहेब, माझी तात्पुरती ऑर्डर जमा करायला आणलीय," ती माईकला ऐकू जाईल एवढ्या बेताने म्हणाली. "जुनी जमा केली की नवी मिळते ना?"

सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती कानिफनाथ शेट्यांनी. नियमाने चाललेलं काम पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाहुण्यांसमोर चेअरमनसाहेबांना हसावं लागलं आणि सही करावी लागली. मरिया कायम झाली.

दोन दिवसांनी तिला ऑफिसात बोलावणं आलं. मेहुण्यांचा नंबर दोनशे अकरावा होता. चेअरमनसाहेब म्हणाले, "यंत्रात काहीतरी बिघाड दिसतो. सगळी लायब्ररी मुंबईला परत पाठवा, सुधारलेली मागवा. तोवर यादी हाताने करू."

"पाठवते की, साहेब," मरिया गरिबासारखी म्हणाली. "फक्त स्टोअरमधून बाहेर काढायची तर शेटेभाऊंची सही लागते."

शेट्यांनी गठ्ठे मोजले. कंपनीच्या कार्डांना निळी कड होती. दुसऱ्या गठ्ठ्यात, पहिल्या आवृत्तीत, निळ्या कडेची एकसष्ट आणि एक साधं. त्यांनी साधं कार्ड बाजूला सारलं. "हे आपलं. कंपनीचं सदतीसावं आना."

"ते राहीबाईंकडे आहे," मरिया म्हणाली.

"मग तिच्याकडनं आना. जुना पुरा न्हाई, नवा न्हाई. चेअरमनसायबांनी मागितला तरी न्हाई." आणि त्यांनी रजिस्टर मिटलं.

औटीसाहेब जीपने गेले. राहीबाई फडावर होत्या. ऊसतोड त्याच सकाळी सुरू झाली होती आणि कोयत्यांच्या आवाजात त्यांना काही ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं. औटीसाहेबांनी तिसऱ्यांदा ओरडून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "देते की, सायेब. पुढल्या सालची चिठ्ठी हातात पडू द्या. जुनी दिल्याबिगर नवी न्हाई म्हनं, मंग नवी दिल्याबिगर जुनी तरी कशी द्यायची?"

जीप रिकामी परत गेली, लायब्ररी जागच्या जागी राहिली आणि यंत्राची यादीही. संध्याकाळी राहीबाई बाजारात जाऊन एक पितळी कुलूप घेऊन आल्या. शिंगणापूरच्या लेकीने जन्मात पहिल्यांदा घेतलेलं कुलूप. दाराला नाही लावलं. पत्र्याच्या पेटीला लावलं, आत सदतीसावं कार्ड ठेवून. किल्ली मात्र कुठे ठेवायची याची सवय नव्हती, म्हणून ती त्यांनी दुसऱ्या दिवशी मरियाकडे आणून दिली.